मोठ्या वृक्षरचित माहितीचे वाचन आणि लेखन वेगवान करण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजी, म्हापसा आणि मडगाव येथील लहान कार्यालयांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे सहकारी, तसेच फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बहुतेक उदाहरणे गोव्याच्या महसुली रचनेतून घेतली आहेत. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि उपविभाग ही उतरंड एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) कधीतरी हातात घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. डेटाबेसविषयी लिहिताना मुख्यतः पोस्टग्रेस डोळ्यांसमोर आहे, कारण माझे रोजचे काम त्यातच चालते. जेथे इतर डेटाबेसचे वर्तन वेगळे आहे तेथे तसे नमूद केले आहे.

वृक्षरचित माहिती कशाला म्हणायचे आणि ती मोठी केव्हा होते?

ज्या माहितीत प्रत्येक नोंदीला जास्तीत जास्त एकच पालक असतो आणि सर्वांत वरच्या एका नोंदीला पालक नसतो, ती वृक्षरचित माहिती होय. महसुली रचना, खात्यांची उतरंड, दुकानातील मालाचे वर्गीकरण, संगणकावरील फोल्डर ही तिची उदाहरणे आहेत. देवस्थानच्या महाजनांची (वंशपरंपरागत सभासदांची) वंशावळ पुरुषवंशाने मांडली जाते, त्यामुळे तीही वृक्षात बसते. मात्र तिच्यात आईकडचे नाते जोडू लागताच एका व्यक्तीला दोन पालक होतात, तो वृक्ष राहत नाही आणि येथील निम्मी उत्तरे तिला लागू पडत नाहीत.

'मोठी' हा शब्द नोंदींच्या संख्येपेक्षा मेमरीवर अवलंबून आहे. जी माहिती इंडेक्ससकट (नोंदी चटकन शोधण्यासाठीच्या सूचीसकट) सर्व्हरच्या मेमरीत मावते, ती दहा लाख नोंदींची असली तरी लहानच समजावी. मावेनाशी झाली, की प्रत्येक चुकीची किंमत डिस्कच्या वेगाने मोजावी लागते.

शब्दाविषयी एक खुलासा येथेच करतो. वृक्षाच्या टोकाच्या नोंदीलाही पान म्हणतात आणि डेटाबेस डिस्कवरून एका वेळी जो तुकडा उचलतो त्यालाही पान म्हणतात. पहिल्याला 'टोकाची नोंद' आणि दुसऱ्याला 'पृष्ठ' म्हटले आहे. 'पेज' म्हणण्याचा मोह टाळला, कारण गोव्यात पेज सकाळी अकरा वाजता ताटात येते.

आमची क्वेरी मंदावली आहे. साठवणुकीची पद्धतच बदलावी का?

बहुधा नाही. माझ्याकडे आलेल्या अशा तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ पद्धतीत नव्हते, ते पुढील दोन गोष्टींत होते.

पहिली गोष्ट म्हणजे पालक क्रमांकाच्या स्तंभावर इंडेक्स नसणे. पोस्टग्रेसमध्ये फॉरेन की (पालकाची नोंद अस्तित्वात असलीच पाहिजे असे बंधन) घोषित केली, तरी ती ज्या स्तंभावर आहे त्यावर इंडेक्स आपोआप तयार होत नाही. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत तो तयार होतो, म्हणून तिकडून इकडे आलेली मंडळी हमखास फसतात. याचा फटका वाचनाला बसतोच, पण खरा फटका बसतो तो नोंदी काढून टाकताना. प्रत्येक नोंद पुसताना तिला अपत्ये उरली आहेत का हे डेटाबेस तपासतो आणि इंडेक्स नसेल तर त्यासाठी संपूर्ण टेबल चाळतो. पाच हजार नोंदी पुसायच्या तर दहा लाख ओळींचे टेबल पाच हजार वेळा चाळले जाते. 'डिलीट लटकले आहे' असा निरोप आला, की मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वृक्ष उलगडण्याचे काम प्रोग्रॅमने एकेक नोंद मागवत करणे. एखाद्या तालुक्याखाली ४०,००० नोंदी आहेत, सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे आणि प्रत्येक फेरीला २० मिलिसेकंद लागतात असे समजा. नुसत्या ये-जा करण्यात ८०० सेकंद, म्हणजे १३ मिनिटे २० सेकंद जातात, आणि त्या काळात डेटाबेस जवळजवळ रिकामाच बसलेला असतो. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर डेटाबेस शेजारीच असतो, त्यामुळे हा दोष तेथे कधी दिसत नाही. तो मामलेदार कचेरीतल्या काउंटरवर दिसतो.

या दोन्ही गोष्टी तपासून, क्वेरी कशी चालली हे दाखवणारा 'एक्सप्लेन ॲनालाइझ' हा आदेश चालवल्यावर, आणि किती पृष्ठे मेमरीतून आली व किती डिस्कवरून वाचावी लागली हे त्यात पाहिल्यावरच, पुढची उत्तरे वाचावीत.

केवळ पालक क्रमांक ठेवण्याची साधी पद्धत मोठ्या माहितीला पुरते का?

पुष्कळदा पुरते. वृक्ष एका क्वेरीत उलगडणारी 'विथ रिकर्सिव्ह' ही रचना एसक्यूएलच्या १९९९ च्या मानकात आली. पोस्टग्रेसमध्ये ती २००९ च्या ८.४ आवृत्तीपासून, एसक्यूलाइटमध्ये २०१४ पासून आणि मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून आहे. ओरॅकलची 'कनेक्ट बाय' ही रचना तर त्याहून कितीतरी जुनी आहे. ही क्वेरी एकेक स्तर खाली उतरत जाते आणि प्रत्येक स्तराला मागील स्तराच्या सर्व नोंदींची अपत्ये एकत्र शोधते. सहा स्तरांच्या महसुली वृक्षाला म्हणजे जेमतेम सहा फेऱ्या लागतात, आणि त्या सगळ्या डेटाबेसच्या आत होतात.

ही पद्धत कमी पडते ती दोन प्रसंगी. उपवृक्ष (एखादी नोंद आणि तिचे सर्व वंशज) फार मोठा असून त्यातील काही थोड्याच नोंदी हव्या असतील, तर नको असलेल्या सर्व नोंदींवरूनही चालत जावे लागते. शिवाय खाली किती नोंदी निघतील याचा अंदाज डेटाबेसला नीट बांधता येत नाही, त्यामुळे तीच क्वेरी पुढे आणखी दोन टेबलांशी जोडली की तो चुकीची योजना निवडण्याची शक्यता वाढते.

प्रत्येक नोंदीत मुळापासूनचा पूर्ण मार्ग लिहून ठेवला तर?

वाचनासाठी हा उपाय उत्तम आहे. नोंदीत '१/२/७/११२' असा मार्ग असला, की 'ज्यांचा मार्ग १/२/७/ ने सुरू होतो' एवढीच अट घालून संपूर्ण उपवृक्ष मिळतो, आणि पूर्वज तर मार्गातच लिहिलेले असतात. तथापि तीन खाचखळगे आहेत.

सुरुवातीच्या अक्षरांवरून शोधणारी 'लाईक' ही अट साधा इंडेक्स वापरीलच असे नाही. डेटाबेसची भाषिक क्रमवारी 'सी' प्रकारची (केवळ बाइटांच्या क्रमाने लावणारी) नसेल, तर पोस्टग्रेसमध्ये 'टेक्स्ट पॅटर्न ऑप्स' हा विशेष प्रकार सांगून इंडेक्स करावा लागतो, अन्यथा इंडेक्स डोळ्यांसमोर असूनही क्वेरी पूर्ण टेबल चाळते. असे मार्ग साठवण्यासाठीचे 'एलट्री' हे विस्तारक वापरून त्यावर जिस्ट प्रकारचा इंडेक्स केल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

मार्गात नावे लिहू नयेत, क्रमांक लिहावेत. नाव बदलले की खालचे सगळे मार्ग बदलावे लागतात हे एक कारण झाले. दुसरे कारण मराठीपुरते आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात. 'बार्देश' हा डोळ्यांना आटोपशीर दिसणारा शब्द ब, काना, र, हलन्त, द, मात्रा, श अशा सात चिन्हांचा, म्हणजे २१ बाइटांचा आहे. त्याचा क्रमांक एक-दोन बाइटांत लिहून होतो. लाखो ओळींच्या मार्गांत आणि त्यांच्या इंडेक्समध्ये हा फरक गुणला जातो, एका पृष्ठात कमी नोंदी मावतात आणि मेमरीत कमी पृष्ठे टिकतात.

तिसरा खळगा क्रमाचा आहे. मजकूर म्हणून लावल्यास १० हा आकडा २ च्या आधी येतो. अपत्यांचा क्रम मार्गावरूनच हवा असेल, तर आकड्यांपुढे शून्ये भरून त्यांची रुंदी सारखी करावी.

उपवृक्ष एका पालकाकडून दुसऱ्याकडे हलवायचा झाल्यास किती खर्च येतो?

गोव्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. २०११ च्या जनगणनेत फोंडा तालुका उत्तर गोवा जिल्ह्यात मोजला गेला आणि २०१५ साली तो दक्षिण गोव्यात आला. मुख्यतः सांगे तालुक्यातील गावे घेऊन धारबांदोडा हा वेगळा तालुका झाला, तेव्हाही उपवृक्षच हलले. फोंड्याखाली गावे, सर्व्हे नंबर आणि उपविभाग मिळून ५०,००० नोंदी आहेत असे धरू आणि एकेका पद्धतीने तो तालुका हलवून पाहू.

केवळ पालक क्रमांक ठेवला असेल, तर फोंड्याच्या एका ओळीतला एक आकडा बदलतो. काम संपले.

मार्ग लिहून ठेवले असतील, तर ५०,००० ओळी नव्याने लिहाव्या लागतात. पोस्टग्रेस जुनी ओळ जागेवर बदलत नाही, तो तिची नवी प्रत लिहितो. इंडेक्स असलेला स्तंभ बदलला असल्यामुळे त्या टेबलावर जितके इंडेक्स आहेत तितक्या सर्वांत नव्या प्रतीची नोंद करावी लागते. टेबलावर पाच इंडेक्स असतील तर ५०,००० ओळींबरोबर अडीच लाख इंडेक्स-नोंदी लिहिल्या जातात. जुन्या प्रती व्हॅक्यूम (डेटाबेसची साफसफाई) होईपर्यंत जागा अडवून बसतात ते वेगळेच.

प्रत्येक पूर्वज-वंशज जोडी स्वतंत्र टेबलात ठेवणारी पद्धत, जिला क्लोजर टेबल म्हणतात, तीत उत्तर गोव्याशी असलेल्या ५०,००० जोड्या पुसून दक्षिण गोव्याशी तितक्याच नव्या जोडाव्या लागतात. फोंड्याच्या आतल्या जोड्या मात्र जशाच्या तशा राहतात आणि मूळ टेबलाला तर हातही लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

वृक्ष सपाट टेबलात उतरवण्याची किंमत कोणत्याही पद्धतीत माफ होत नाही. ती वाचणाऱ्याने भरायची की लिहिणाऱ्याने, आणि रोज थोडी थोडी की कधीतरी एकदम, एवढेच आपल्या हाती असते. तालुका जिल्हा बदलतो तो दशकातून एखाद्या वेळी. त्यासाठी रोजचे हजारो शोध मंद करणे हा वेडेपणा ठरेल. उपविभाग मात्र रोज पडतात, तेव्हा त्यांच्या पातळीवर लेखन स्वस्तच हवे.

माझ्या स्वतःच्या कामात मी मधला मार्ग काढला आहे. वरचे जे स्तर शासकीय आदेशाने हलतात ते मार्गात घालायचेच नाहीत. मार्ग तालुक्यापासून सुरू करायचा, आणि कोणता तालुका कोणत्या जिल्ह्यात हे बारा तालुक्यांच्या लहानशा टेबलात ठेवायचे. मग फोंडा हलवणे पुन्हा एका ओळीचे काम होते. त्या ओळीला 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' अशा तारखाही जोडाव्यात, म्हणजे २०११ चा अहवाल आज काढला तरी फोंडा त्यात उत्तर गोव्यातच दिसतो.

नेस्टेड सेट ही पद्धत वाचनाला सर्वांत वेगवान असल्याचे ऐकले आहे. ती का वापरू नये?

तिच्याविषयी ऐकलेले खरे आहे, परंतु अर्धवट आहे. या पद्धतीत प्रत्येक नोंदीला डावा आणि उजवा असे दोन आकडे दिले जातात आणि वंशजांचे आकडे पूर्वजाच्या आकड्यांच्या दरम्यान बसतात. सहा नोंदींचा लहान नमुना घ्या. गोवा १ ते १२, उत्तर गोवा २ ते ७, त्याखाली पेडणे ३ ते ४ आणि बार्देश ५ ते ६, दक्षिण गोवा ८ ते ११, आणि त्याखाली मुरगाव ९ ते १०. उत्तर गोव्याखालचे सर्व काही हवे असेल तर 'डावा आकडा २ आणि ७ यांच्या दरम्यान' एवढी एकच अट पुरते. वंशजांची संख्या तर न मोजताच कळते: ७ वजा २ वजा १, भागिले २, म्हणजे दोन.

आता बार्देशानंतर तिसवाडी घालू. तिला ७ आणि ८ हे आकडे मिळतात. त्यासाठी उत्तर गोव्याचा उजवा आकडा ९ होतो, दक्षिण गोवा १० ते १३ होतो, मुरगाव ११ ते १२ आणि गोव्याचा उजवा आकडा १४ होतो. एक नोंद वाढवण्यासाठी जुन्या सहांपैकी चार ओळी बदलल्या. दहा लाख नोंदींच्या वृक्षात सुरुवातीच्या बाजूला एक नोंद घातली, तर जवळजवळ सगळे टेबल पुन्हा लिहावे लागते.

ही गोष्ट कागदावर समजणे वेगळे आणि अंगावर येणे वेगळे. एका संस्थेच्या सभासदांची वंशावळ मी काही वर्षांपूर्वी या पद्धतीने मांडली होती. चाचणीत सारे सुरळीत चालले. वार्षिक नोंदणीच्या पहिल्याच सकाळी दोन टेबलांवरचे दोन कारकून एकाच वेळी नावे भरू लागले, प्रत्येक नवे नाव उजवीकडच्या सर्व ओळींवर कुलूप लावू लागले आणि एकाचे काम संपेपर्यंत दुसऱ्याचा पडदा गोठून राहू लागला. दुपारपर्यंत दारात रांग लागली आणि कारकुनांनी वही काढली. चूक पूर्णपणे माझी होती: वाचनाचा वेग मोजला, लेखन मात्र एकट्याने बसून तपासले. त्या रात्री मी पालक क्रमांकाचा स्तंभ परत आणला.

जो वृक्ष वर्षातून एखाद्याच वेळी बदलतो आणि दिवसभर वाचला जातो, त्याच्यासाठी मात्र नेस्टेड सेट आजही योग्य आहे. आकडे रात्री एकदाच पालक क्रमांकावरून नव्याने काढावेत.

क्लोजर टेबलला जागा किती लागते?

प्रत्येक नोंदीसाठी ती स्वतः आणि तिचे सर्व पूर्वज मिळून जितके होतात तितक्या ओळी. सहा स्तरांच्या वृक्षात टोकाच्या नोंदीला सहा. दहा लाख नोंदींपैकी बहुसंख्य टोकाच्या असतात, म्हणून सुमारे ६० लाख ओळी धराव्यात. आठ बाइटांचे क्रमांक आणि अंतराचा एक स्तंभ ठेवल्यास पोस्टग्रेसमध्ये ओळीमागे पन्नासएक बाइट, म्हणजे सुमारे ३०० मेगाबाइट होतात. दोन्ही दिशांनी शोधण्यासाठी लागणारे दोन इंडेक्स वेगळे. आजच्या सर्व्हरला हा भार जड नाही. उथळ वृक्षांना ही पद्धत मी निःशंकपणे सुचवतो, पन्नास-साठ स्तरांच्या वृक्षांना नाही.

इंडेक्सदेखील वृक्षच असतो ना? त्याचा लेखनाशी काय संबंध?

बी-ट्री ही रचना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत मांडली आणि १९७२ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तिचे सामर्थ्य रुंदीत आहे. पोस्टग्रेसचे पृष्ठ ८ किलोबाइटांचे आणि इनोडीबीचे १६ किलोबाइटांचे असते. एका पृष्ठात सुमारे ३०० नोंदी मावतात असे धरल्यास तीन स्तरांत २ कोटी ७० लाख नोंदी बसतात. वरचे दोन स्तर मेमरीतच राहत असल्यामुळे एक नोंद शोधण्यास फार तर डिस्कची एक फेरी पडते.

लेखनाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की नवी किल्ली, म्हणजे ज्यावरून शोध होतो ते मूल्य, या रचनेत कोठे जाऊन पडते. चढत्या क्रमांकाच्या किल्ल्या नेहमी उजव्या टोकाच्या पृष्ठावर पडतात आणि ते पृष्ठ मेमरीत तयारच असते. यादृच्छिक युयूआयडी (कोठेही तयार केला तरी एकमेव राहणारा ओळख-क्रमांक), म्हणजे त्याची चौथी आवृत्ती, वापरल्यास प्रत्येक नवी नोंद इंडेक्सच्या कोणत्याही पृष्ठावर पडू शकते. इंडेक्स मेमरीपेक्षा मोठा झाला की प्रत्येक भरणीसाठी एक जुने पृष्ठ डिस्कवरून उचलावे लागते. पोस्टग्रेसमध्ये तर चेकपॉइंटनंतर (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याच्या टप्प्यानंतर) पहिल्यांदा बदललेले प्रत्येक पृष्ठ अख्खेच्या अख्खे बदलांच्या लॉगमध्ये लिहिले जाते, त्यामुळे लॉगही फुगतो. अनेक शाखा कार्यालयांत स्वतंत्रपणे क्रमांक तयार व्हायचे असल्याने युयूआयडी टाळता येत नसेल, तर काळानुसार चढत जाणारी सातवी आवृत्ती वापरावी. ती २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट-मानकात प्रमाणित झाली आहे.

लेखन अखंड आणि प्रचंड असेल तर एलएसएम-ट्रीवर आधारलेले रॉक्सडीबीसारखे भांडार विचारात घेता येते. ते लेखन आधी मेमरीत जमवते, मग क्रमाने लावून एकदम डिस्कवर उतरवते, आणि नंतर सवडीने फायली एकत्र करत राहते. त्याची किंमत वाचनाला पडते, कारण एक किल्ली अनेक फायलींत शोधावी लागू शकते. महसुली नोंदींसारख्या कामाला त्याची गरज भासलेली मी पाहिलेली नाही.

लाखो नोंदी एकदम भरायच्या आहेत. क्रम काय असावा?

एकेक नोंद स्वतंत्र व्यवहारात भरू नये. प्रत्येक कमिटला, म्हणजे व्यवहार पक्का करताना, डिस्कवर लेखन पक्के होईपर्यंत थांबावे लागते, आणि मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणारी जुन्या पद्धतीची डिस्क सेकंदाला १२० वेळाच फिरते. त्या हिशेबाने सेकंदाला शंभरच्या आसपास कमिट झाली तरी पुष्कळ झाले. काही हजार नोंदींचा एक व्यवहार केला की हा अडसर दूर होतो. पोस्टग्रेसमध्ये त्याहून चांगला उपाय म्हणजे 'कॉपी' हा आदेश.

माहिती आधी बंधने नसलेल्या कच्च्या टेबलात उतरवावी, तेथे पालक सापडत नसलेल्या नोंदी वेगळ्या काढाव्यात, मग मुख्य टेबलात वरच्या स्तरापासून खाली भरत जावे. टेबल रिकामे असेल तर इंडेक्स भरणीनंतर करावेत. मार्ग किंवा क्लोजरच्या जोड्या प्रत्येक नोंदीबरोबर ट्रिगरने (आपोआप चालणाऱ्या कोडने) न काढता शेवटी स्तरागणिक एकेका क्वेरीने काढाव्यात. शेवटी टेबलाची आकडेवारी गोळा करणारा 'ॲनालाइझ' हा आदेश विसरू नये. तो विसरल्यास डेटाबेस जुन्या किंवा नसलेल्या आकडेवारीवरून योजना आखतो आणि सोमवारी सकाळी फोन वाजू लागतात.

वेगासाठी एफसिंक (लेखन डिस्कवर पक्के उतरेपर्यंत थांबणे) बंद करावे का?

करू नये. जूनमध्ये पहिल्या वाऱ्याबरोबर माडाची झावळी तारेवर पडून वीज जाणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे आणि इन्व्हर्टरची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. एफसिंक बंद असताना वीज गेल्यास संपूर्ण डेटाबेस बिघडू शकतो. त्याऐवजी 'सिंक्रोनस कमिट', म्हणजे प्रत्येक व्यवहारागणिक डिस्कची वाट पाहणे, बंद केल्यास लेखनाचा वेग पुष्कळ वाढतो. वीज गेलीच तर मूळ सेटिंग्जमध्ये साधारण अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेरचे शेवटचे व्यवहार हरवतात, पण उरलेली माहिती सुसंगत राहते. पुन्हा भरता येण्याजोग्या आयातीसाठी ही तडजोड चालेल. ज्याची पावती नागरिकाच्या हातात दिली आहे अशा व्यवहारासाठी चालणार नाही.

प्रत्येक स्तरावर खालच्या नोंदींची एकूण संख्या दाखवायची आहे. ती पालकाच्या ओळीतच साठवावी का?

वाचनाला हे सोयीचे वाटते आणि लेखनाचा गळा येथेच आवळला जातो. सत्तरीत उपविभाग वाढला किंवा सासष्टीत, दोन्ही व्यवहारांना शेवटी 'गोवा' या एकाच ओळीतला आकडा वाढवावा लागतो. ती ओळ एका वेळी एकालाच बदलता येते, म्हणून राज्यभरातील सर्व लेखन एका रांगेत उभे राहते. त्याऐवजी बदलांची '+१, −१' अशी स्वतंत्र नोंद एका टेबलात करत जावी आणि दर काही मिनिटांनी त्यांची बेरीज वरच्या ओळींत जिरवावी. नेमका आकडा त्याच क्षणी हवा असेल, तर साठवलेली संख्या आणि न जिरलेले बदल यांची बेरीज करून दाखवता येते.

संपूर्ण वृक्ष एकाच जेसनमध्ये, म्हणजे एकात एक गुंफलेल्या मजकुरी नोंदीत, ठेवला तर वाचन एका फेरीत होते. अडचण काय?

अडचण पहिल्या बदलाला कळते. पोस्टग्रेसच्या जेसनबी (जेसन साठवणाऱ्या) स्तंभातील एक लहान किल्ली बदलली तरी ते संपूर्ण मूल्य नव्याने लिहिले जाते. ओळ सुमारे दोन किलोबाइटांपलीकडे गेली, की मोठे मूल्य दाबून व तुकडे करून बाजूच्या टेबलात ठेवले जाते आणि वाचताना पुन्हा जोडावे लागते. एका अर्जाची, एका पावतीची लहान उतरंड जेसनमध्ये खुशाल ठेवावी. अख्खा तालुका ठेवू नये.

स्कॅन केलेल्या कागदांच्या लाखो फायली फोल्डरांत आहेत. बॅकअप रात्रभर संपत नाही.

लहान फायलींच्या बाबतीत वेळ बाइटांना लागत नाही, तो फायलींच्या संख्येला लागतो. जुन्या, न बदलणाऱ्या वर्षांच्या फायली वर्षागणिक एका टार फाइलीत बांधून ठेवल्यास बॅकअप त्यांना एकदाच हात लावतो.

समुद्रविज्ञानाची माहिती एचडीएफ५ या फाइल-प्रकारात असते. तिलाही हेच नियम लागू होतात का?

दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेमुळे गोव्यात हा प्रश्न विचारणारे भेटतात. एचडीएफ५ फाइलीत गट आणि त्यातील माहितीसंच यांचा वृक्ष असतो, आणि नेटसीडीएफ-४ हा फाइल-प्रकार त्याच पायावर उभा आहे. येथे वेग बहुतेक करून वृक्षावर ठरत नाही, माहितीसंचाचे तुकडे, म्हणजे चंक, कसे पाडले आहेत यावर ठरतो.

समुद्रपृष्ठाच्या तापमानाचा ५०० गुणिले ५०० चौकटींचा नकाशा वर्षभर दर तासाला नोंदला आहे असे समजा. तास झाले ८,७६०. प्रत्येक तासाचा नकाशा हा एक तुकडा असेल आणि प्रत्येक आकडा चार बाइटांचा असेल, तर तुकडा दहा लाख बाइटांचा होतो. आता मुरगाव बंदरासमोरच्या एकाच चौकटीचे वर्षभराचे तापमान हवे आहे. हवी असलेली माहिती आहे ३५ किलोबाइट. पण तुकडा अर्धवट वाचता येत नाही, विशेषतः तो दाबलेला असेल तर, म्हणून सर्व ८,७६० तुकडे उघडावे लागतात आणि पावणेनऊ गिगाबाइट चाळावे लागतात.

तेच तुकडे ७३० तास गुणिले २० गुणिले २० चौकटी असे पाडले, तर त्या चौकटीसाठी फक्त १२ तुकडे, म्हणजे सुमारे १४ मेगाबाइट वाचावे लागतात. याउलट एका तासाचा पूर्ण नकाशा काढायला आता ६२५ तुकडे, म्हणजे ७३ कोटी बाइट लागतात, जे काम आधी दहा लाख बाइटांत होत होते. दोन्ही प्रकारचे वाचन सारखेच वारंवार होत असेल, तर मी माहितीच्या दोन प्रती ठेवण्याचा सल्ला देतो. डिस्क स्वस्त आहे आणि संशोधकाची दुपार महाग आहे.

वृक्षात चुकून चक्र तयार झाले, म्हणजे एखादी नोंद स्वतःचीच पूर्वज झाली, तर?

क्वेरी थांबत नाही. मायएसक्यूएल १,००० फेऱ्यांनंतर आपोआप थांबवतो, पोस्टग्रेस थांबवत नाही. पोस्टग्रेसच्या १४ व्या आवृत्तीपासून 'सायकल' हे कलम वापरता येते. नोंद हलवण्यापूर्वी नवा पालक तिच्याच वंशजांत तर नाही ना, हे तपासणे अधिक सोपे आहे.

चाचणीसाठी खोटी माहिती कशी तयार करावी?

सारखी वाटून तयार करू नये. बारा तालुके, प्रत्येकात तितकीच गावे, प्रत्येक गावात शंभर सर्व्हे नंबर अशा माहितीवर कोणतीही पद्धत छान चालते. खरा वृक्ष एका बाजूला झुकलेला असतो. किनाऱ्यालगतच्या एखाद्या गावात एकाच सर्व्हे नंबरचे शेकडो उपविभाग पडलेले असतात, तर डोंगराकडचा कोमुनिदादचा (गावकीच्या सामाईक जमिनीचा) सर्व्हे नंबर भला मोठा असूनही त्याखाली एकही उपविभाग नसतो. मी आता चाचणीच्या वृक्षात मुद्दाम एक नोंद अशी ठेवतो, की जिला वीस हजार थेट अपत्ये आहेत, आणि तिच्यावर दोन जणांकडून एकाच वेळी लेखन करून घेतो.